बाळाचे पाय आत वळलेत? बूट घ्यायच्या आधी टाच धरून बघा

संपादक महोदय,

चवथीला पाहुणे जमले की घरातल्या तान्ह्या पोराची जी तपासणी होते ती कुठल्या इस्पितळात होत नसेल. यंदा आमच्याकडे नातीचा नंबर लागला. ती नुकतीच सोफ्याला धरून उभी राहायला लागलेली आणि उभी राहिली की दोन्ही पंजे आत, अंगठे एकमेकांकडे बघतायत असे. झालं, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीचं कौतुक राहिलं बाजूला आणि सगळे पायांवर. एकीने सांगितलं न्हाऊ घालणाऱ्या बाईला पाय जोरात ओढायला सांग, दुसरी म्हणाली बूट उलटे घाल, डावा उजव्यात नि उजवा डाव्यात, तिसरीने वॉकर सुचवला, आणि एका वयस्क बाईंनी तर सरळ सुनेलाच विचारलं की ग्रहणात काय चिरलं होतंस गो. सुनेचं तोंड एवढंसं झालं. म्हणून हे पत्र, कारण असं घराघरात चालतं आणि त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

आम्ही मुलांच्या डॉक्टरना दाखवलं. त्यांनी काय केलं ते सांगते, कारण ते बघण्यासारखं होतं. एका हातात टाच घट्ट धरली, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने पंजा हळूच बाहेर ढकलला, तो सरळ झाला आणि सरळच्याही थोडा पलीकडे गेला. मग तळव्याच्या बाहेरच्या कडेला गुदगुल्या केल्या तर पोरीने आपणहून पंजा बाहेर फिरवला. मांड्या उघडून खुब्याचे सांधे बघितले आणि झालं, ना एक्सरे ना औषध. पोटात शेवटच्या महिन्यांत जागा कमी पडते, पाय दुमडून राहतात, त्यामुळे पंजा काजूच्या बीसारखा आत वाकतो, पण तो मऊ असेल तर बहुतेक पोरांचा पहिल्या वर्षात आपोआप सरळ होतो. चालायला त्याने उशीरही होत नाही. पोरं साधारण वर्ष ते सव्वा वर्षाला चालतात, दीड वर्षापर्यंत चाललं तरी चालतं. चालायला लागल्यावर पुन्हा पाय आत दिसले तर ते बहुधा नडगीचं हाड जरा पिळलेलं असतं म्हणून, ते चार-पाच वर्षांपर्यंत सुटतं. आणखी मोठी पोरं पाय मागे दोन बाजूंना टाकून बसतात ना, त्यांचं मांडीच्या हाडामुळे असतं, त्याला आठ-दहा वर्षं लागतात पण बहुतेकांचं तेही सुटतं.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मात्र थांबायचं नाही. क्लबफूट. हजारात साधारण एखाद्या बाळाला असतो. यात नुसता पंजा आत नसतो, टाचही वर ओढलेली असते, तळवा आत वळलेला आणि पाय असा ताठ की हाताने सरळ होतच नाही. हा मालिशने सुटत नाही, वाट बघूनही सुटत नाही आणि ग्रहणाशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. पण इलाज फार चांगला आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी बसवलेली पद्धत आहे, जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करायची. दर आठवड्याला पाय हळूहळू फिरवून नवीन प्लास्टर, अशी साधारण पाच-सात, मग बऱ्याच बाळांना टाचेमागच्या दोरीसारख्या कंडरेला छोटासा छेद आणि आणखी तीन आठवडे प्लास्टर. त्यानंतर दांडीला जोडलेले बूट, पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. लोक इथेच कच खातात. पाय सरळ दिसायला लागला, पोर रडतं, शेजारीण म्हणते बाळाला बेड्या काय घातल्या, की बूट माळ्यावर. पाय परत वळण्याचं मोठं कारण हेच आहे.

म्हणजे आपल्याकडे उलटं चाललंय, ज्याला काही नको त्याच्यावर पैसे आणि ज्याला पहिल्या काही आठवड्यांतच दाखवायला हवं त्याला तेलपाणी. माझ्या भाचीच्या पोराला एका दुकानात "पाय सरळ करणारे" बूट चार हजारांना गळ्यात मारले, पाय मऊ होता, बूट नसते तरी सरळ झालाच असता. नुसत्या बुटांनी मऊ पाय लवकर सरळ होतात असं कुठे सिद्ध झालेलं नाही. आणि वॉकर! कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, कारण पोरं त्यात बसून जिन्यावरून पडतात, आणि त्याने चालणं लवकर येत नाही ते वेगळंच. आमच्या जुन्या घरांना उंबरठे किती आणि पायऱ्या किती ते बघा.

माझी मागणी साधी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात तपासायच्या दोषांत क्लबफूट आहे. बाळंतीण घरी जायच्या आधी आणि दीड महिन्याच्या डोसला बाळ येतं तेव्हा सिस्टरनी आईसमोरच टाच धरून पंजा फिरवून दाखवावा, मिनिट लागत नाही. पाय मऊ असेल तर आईला तसं तोंडाने सांगा, म्हणजे तिला घरी चार लोकांना उत्तर देता येईल. ताठ असेल तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्या. आणि आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आईला प्लास्टरचं बाळ घेऊन पावसात दर आठवड्याला कदंबाच्या सरकारी बसने बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) गाठायचं तर प्लास्टर भिजणार, एखादा आठवडा चुकणार आणि मग इलाजच अर्धवट राहणार. जवळच्या वाळपई किंवा साखळीच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक सकाळ प्लास्टरसाठी ठेवली तर गोमेकॉतली गर्दीही कमी होईल. आरोग्य खात्याने यावर उत्तर द्यावं.

- एक आजी, डिचोली