दिवाळीला येत नाहीये, पण डोळ्याची तारीख घ्या

आखेन (जर्मनी), 18 जुलै 2026

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी "बरं बरं, अभ्यास महत्त्वाचा" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय. या दिवाळीला मी येत नाहीये. इथल्या एका कंपनीत सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत प्रबंधाचं काम मिळालंय आणि माझी सही करून झाली.

आठवडाभर रजा मागता आली असती, नाही असं नाही. पण नोव्हेंबरात चाचण्या ऐन भरात असतील. शिवाय ऐन दिवाळीतलं विमानाचं तिकीट म्हणजे कर्जाचा एक हप्ता. शिवाय याच कंपनीत पुढे चिकटता येईल अशी आशा आहे. शिवाय मार्चमध्ये आले की चांगली महिनाभर राहीन, उठता-बसता बॅगेकडे बघत आठ दिवस काढण्यापेक्षा ते बरं ना? (चार कारणं झाली. एक पुरलं असतं, कळतंय मला.) पदवीनंतर नोकरी शोधायला इथे 18 महिने राहता येतं, त्याचाही अर्ज करणार आहे. याचा अर्थ मी कायमची इथे राहतेय असा नाही. दादाने काही वेगळं सांगितलं असेल तर मनावर घेऊ नका.

आई, मी नीट जेवते. दुपारी मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ. तिथे शाकाहारी काहीतरी रोज असतंच. कराडच्या मेसमधल्या त्या बटाट्याच्या पातळ भाजीपेक्षा बरंच म्हणायचं, फक्त मीठ आपलं आपण घालायचं. रात्री खोलीवर वरण-भात आणि जे मिळेल ते परतून. तुर्की दुकानात कोथिंबिरीची जुडी एवढी मोठी असते की आठवडा जातो. फ्रिजमध्ये माझा एक कप्पा आहे आणि त्यात कोणी हात घालत नाही. होस्टेलवर तुझा चिवडा सोमवारी रात्रीच संपायचा, इथे महिना पुरतो. ते मला आवडतं असं मात्र नाही.

रविवारी इथे दुकानं बंद असतात. काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकायच्या नाहीत, भिंतीला ड्रिल लावायचं नाही, आवाज म्हणून नाही. शनिवारी दूध आणायचं राहिलं तर बस धरून वाल्सला जायचं. ते नेदरलंड्समध्ये, पण आम्हाला जवळ, आणि तिथलं दुकान रविवारी उघडं असतं. बाबा, तुमची मुलगी दूध आणायला परदेशात जाते!

कराडला शनिवारी मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन एसटीत बसायचं आणि सोमवारी पहाटे घड्या घेऊन परतायचं, एवढंच मला कपडे धुण्यातलं ठाऊक होतं. इथे तळघरातल्या मशीनची वेळ लावावी लागते. कचऱ्याचे चार डबे, आणि पाण्याची बाटली दुकानात परत केली की 25 सेंट मिळतात. थंडीतसुद्धा रोज खिडक्या सताड उघडाव्या लागतात, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. सगळं जमतं आता. जमत नाही ते संध्याकाळचं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि दारावर थाप मारून "ए, चहाला चल" म्हणणारं कोणी नसतं. भेटायचं तर आदल्या आठवड्यात ठरवायचं. माणसं वाईट नाहीत हो. मला ताप होता तेव्हा शेजारच्या मुलीने न सांगता सूप आणून दाराशी ठेवलं होतं. सध्या तर पावणेदहापर्यंत उजेड असतो, काळजी करू नका.

अभ्यासाचं बाबांना अजून पटलेलं नाही. 1.7 मिळाले म्हटल्यावर तुमचा जो चेहरा झाला होता! पुन्हा सांगते: इथे 1.0 सगळ्यांत चांगले आणि आकडा 4.0 च्या वर गेला की नापास. आपल्यासारखी जर्नल, टर्मवर्क, एटीकेटी अशी उशी नाही. सेमिस्टरची बहुतेक भिस्त एका परीक्षेवर, आणि तीनदा नापास झालं की तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. माझे सगळे पेपर सुटलेत, म्हणूनच हे आत्ता लिहितेय. लेक्चर संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटं वाजवतात. कराडला आम्ही हे केलं असतं तर सरांनी बाहेर काढलं असतं.

पैशाचंही ठीक आहे. विद्यापीठातल्या कामाचे पैसे वेळेवर येतात. पहिल्या वर्षी ते व्हिसासाठी बँकेत अडकवलेले 11,904 युरो महिन्याला 992 प्रमाणे सुटायचे आणि मी प्रत्येक सेंट लिहून ठेवायचे, तसं आता लागत नाही. आईच्या पाटल्यांचं मी विसरलेले नाही. त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून बोलत नाही.

आता बाबा, तुमचं. दादा सांगत होता, पाचवडहून येताना समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसतं म्हणून तुम्ही गाडी बाजूला घेऊन थांबलात. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, तर "चिमी दिवाळीत आली की". चिमी येत नाहीये. तेव्हा ते कारण संपलं. थंडीतच करायचं हेही कारण नको. ते जुन्या, टाके घालायच्या ऑपरेशनचं होतं, आता छोट्याशा छेदातून लेन्स बसवतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. इथे मला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायची तर महिनोन् महिने थांबावं लागतं. तुम्हाला साताऱ्यात आठवड्यात तारीख मिळतेय आणि तुम्ही ती माझ्यासाठी लांबवताय, हे मला इथे बसून सहन होत नाही.

सायकलच्या नळीवर टॉवेलची घडी टाकून तुम्ही मला शाळेत सोडायचात. पाऊस आला की तुमच्या रेनकोटच्या आत माझं डोकं, बाहेरचं काही दिसायचं नाही, आणि तुम्ही सांगत जायचात, आता पूल आला, आता ढोल्या गणपती. मला कधी भीती वाटली नाही. म्हणून तर म्हणते, अंधारात गाडी चालवू नका. ऑपरेशन होईपर्यंत सूर्यास्तानंतर अॅक्टिव्हाची किल्ली आईकडे. आई, तू ती खरंच लपव.

आधी शुगर तपासा, जास्त असली तर डॉक्टरांना लपवू नका. नंतर सांगतील तितके आठवडे थेंब, वेळेवर. फ्रिजवर तक्ता लाव आई, ते "घातले" म्हणतील, विश्वास ठेवू नकोस. डोळा चोळायचा नाही. डोक्यावरून अंघोळ डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. आणि तूही गुडघ्याचा पट्टा लावून जिना चढ.

लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवार आहे. तिथे साडेसहा वाजले की इथे दुपारचे दोन, मी घरीच असेन. दादाला फोन चौरंगासमोर नीट उभा करून ठेवायला सांगा, मागच्या वेळी सगळी आरती मला छत दिसत होतं. फराळ पाठवायचा तर चकली आणि चिवडा. तुपातलं, खव्याचं काही नको, दुधाचे पदार्थ इथले कस्टमवाले अडवतात. लाडू मी मार्चमध्ये खाईन, तेव्हा दिवाळी नाही म्हणून करणार नाही असं म्हणू नकोस.

डॉक्टरांची तारीख मिळाली की बाबांनी स्वतः मला फोन करायचा, दादाकरवी निरोप नको.

तुमची,
चिमी