अकरा दिवस नोंद नाही

सावईवेरे, फोंडा
ऑगस्ट २०२५

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, मी काय करू? पावसाच्या संशोधनातच राहू की विम्याच्या कंपनीतली नोकरी घेऊ?" आणि मी म्हणालो, "मला काय कळतं त्यातलं?" फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, "मग ती पावसाची वही एवढी वर्षं कोण लिहितं?" म्हणून हे पत्र. हाताने लिहितोय, फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर विचार.

आधी कुळागराचं, आपल्या पोफळीच्या बागेचं. यंदा पाऊस २५ मेलाच गोव्यात शिरला, हे तुला माहीत आहे, पण त्याने काय केलं ते माहीत नाही. पाडेली, पोफळीवर चढून औषध मारणारा, २६ तारखेला येणार होता. मोरचूद भिजत घातलं होतं, चुना आणला होता, शंभर लिटरला एकेक किलो, नेहमीचंच. ते पिंप तसंच राहिलं. पहिली फवारणी पावसाआधी झाली नाही की कोळेरोग कसा येतो ते तू लहानपणी पाहिलंयस, सकाळी पोफळीखाली हिरव्या सुपारीचा सडा. बाजारात मात्र सगळे खूष होते. केरळात इतक्या लवकर मान्सून २००९ नंतर पहिल्यांदाच आला म्हणून. मी गप्प होतो. २००९ चं तूच मला सांगितलेलं: २३ मेला केरळात आला, जूनमध्ये देशभर जेमतेम निम्मा पडला आणि हंगाम संपला तेव्हा २२ टक्के तूट. लवकर आला म्हणजे भरपूर पडणार, हे गणितच नाही म्हणालीस. मी ते बाजारात सांगून पाहिलं. एकजण म्हणाला, "तुमची चेडू शिकतेय ना अजून?"

तो "शिकतेय" शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला असणार. गेल्या चवथीला गणपतीच्या माटोळीखाली बसून पाहुण्यांना मीच म्हणालो होतो, "शिकतेय अजून." तू नेवऱ्यांचं ताट घेऊन मागे उभी होतीस. बत्तीस वर्षांची, पीएच.डी. होऊन तीन वर्षं झालेली. तू काही बोलली नाहीस, ताट ठेवून आत गेलीस. त्या शब्दाबद्दल मला लिहायचंय, पण त्याआधी एक जुनं देणं आहे ते चुकतं करतो.

२००५ च्या जुलैत मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा तू आठवीत होतीस. टीव्हीवर आकडा ऐकून विचारलंस, पाऊस पट्टीने कसा मोजतात? मी म्हणालो, मोजत असतील कसातरी. ते तुला चाललं नाही. फोंड्याच्या बाजारात तू पट्टी घेऊन नरसाळी मोजत फिरलीस, दुकानदार माझ्याकडे बघत होता. शेवटी १६ सेंटीमीटर तोंडाचं सापडलं. घरी आल्यावर हिशेब मांडलास: तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटीमीटर, म्हणजे खाली २० मिलिलिटर पाणी साठलं की १ मिलिमीटर पाऊस. खाली लिटरची बाटली लावलीस. पहिल्याच रात्री ती भरून वाहिली, कारण लिटर म्हणजे जेमतेम ५० मिलिमीटर, आणि आपल्याकडचा पाऊस पन्नासावर थांबतो थोडाच! सकाळी तू रडलीस. मग तेलाचा पाच लिटरचा कॅन धुऊन लावला. मोजायची वेळ सकाळी साडेआठ, वेधशाळेची तीच असते म्हणून. तू कॉलेजात गेलीस आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

२०११ च्या जुलैत आजी इस्पितळात होती. अकरा दिवस मी घरी फक्त आंघोळीला येत होतो. कॅनमध्ये पाणी साठलेलं असायचं, ते न मोजताच ओतून टाकायचो. आजी घरी आल्यावर एका संध्याकाळी वही उघडली आणि अकराही दिवस एका बसणीत भरून काढले. ४५. ६०. ३०. ७५. अगदीच हवेतलं नव्हतं, पाटाच्या आवाजावरून मला रात्रीचा पाऊस कळतो. पण मोजलेलं नव्हतं. पुढे एम.एस्सी.च्या प्रकल्पाला तू वही मागितलीस. मी दिली, बोललो काही नाही.

तू बांधून आणलेला रिपोर्ट आधी देवापुढे ठेवलास. रात्री सगळे झोपल्यावर मी तो उघडला. जुलै २०११ च्या रकान्यात अकरा आडव्या रेघा, आणि खाली बारीक अक्षरात: ११ दिवस नोंद नाही.

मग वही काढून पाहिली. तुझे आकडे, माझे आकडे, सगळे वेडेवाकडे: ४७, ६२, ३.५, ११८. आणि मधेच सलग अकरा आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपणारे. आंधळ्यालाही दिसलं असतं. तू मला कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात सोप्यावर बसून तू हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झची गोष्ट सांगितलीस, आठवतं? १९६१ साली एमआयटीत तो यंत्रावर हवामानाचा हिशेब चालवत होता. एक हिशेब मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ च्या जागी छापील कागदावरचे ०.५०६ घातले, कॉफी प्यायला गेला, आणि येऊन बघतो तर पुढचं हवामान पार भलतीकडे गेलेलं. तू रंगून सांगत होतीस आणि मी मान खाली घालून सुपारी कातरत होतो. वाटलं, मलाच ऐकवतेय! दशांशाची तीन घरं कापली तर एवढा गोंधळ, मी तर अख्खे आकडेच घडवले होते. आता वाटतं, तुझ्या मनातही नसेल.

तुझा प्रबंध या जूनमध्ये वाचला. वाचला म्हणजे समीकरणांवरून उड्या मारत गेलो, पाट ओलांडतात तसा. पण मधली जमीन बरीच ओळखीची निघाली. ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर उभा राहतो, दिवसाला साधारण एक अक्षांश अशा चालीने उत्तरेला सरकतो, आणि तीस-चाळीस दिवसांनी मागून दुसरा येतो; हे सिक्का आणि सुलोचना गाडगीळ या हवामानशास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून १९८० साली दाखवलं. आपलं कुळागर साडेपंधरा अक्षांशावर. म्हणजे तिथून निघालेला पट्टा आपल्या पोफळींवर यायला पंधरा-सोळा दिवस, आणि दोन पट्ट्यांच्या मधे ती उघडीप, जिची मी जन्मभर आभाळाकडे बघत वाट पाहत आलो. फवारणीही चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी परत करायची असते. हा योगायोग आहे, त्यात शास्त्र नाही, असं तू मला दोनदा बजावलंयस. मान्य. पण माणसाला गंमत वाटायला काय हरकत आहे?

गाडगीळबाई गेल्या महिन्यात गेल्या, पेपरात वाचलं. हार्वर्डला पीएच.डी. करून १९७१ मध्ये परत आल्या, आधी पुण्याला, मग बंगळुरात. आम्हाला शाळेत शिकवलेलं की जमीन तापते म्हणून समुद्रावरून वारा येतो, तोच मान्सून, खाऱ्या वाऱ्याचा थोरला भाऊ. बाईंनी ते मानलं नाही. विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टाच उन्हाळ्यात सरकून आपल्यावर येतो, असं त्या मांडत राहिल्या. मला त्याहून आवडलं ते पुढचं: अनंतपूरकडच्या भुईमूग पिकवणाऱ्यांना जाऊन विचारलं, पेरणी कधी करता आणि का. एवढ्या शिकलेल्या बाईने शेतकऱ्याला "का" विचारायचं, हे मी तरी फार पाहिलेलं नाही. आम्हाला नेहमी "असं करा" एवढंच सांगायला येतात.

तुझ्या चौथ्या प्रकरणावर मात्र मी अडलो. दोन वर्षं घातलीस त्यात. हवामानाचं मॉडेल बंगळुरातल्या त्या यंत्रावर पुन्हा पुन्हा चालवलंस, दिवाळीला आलीस तेव्हाही रात्री दोनला उठून कॉम्प्युटर बघत होतीस, हिशेब मधेच बंद पडला तर नाही ना म्हणून. (आईला वाटलं, मुलीचं कुठे जमलंय.) आणि शेवटी काय लिहिलंस, तर या प्रयोगांवरून ठरवता येत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, मग छापलं कशाला? दुसऱ्या दिवशी कॅन ओतताना त्या अकरा रेघा डोळ्यांपुढे आल्या.

आता तुझा प्रश्न. तुमच्या धंद्यातली नोकरी मला उशिरा कळली. पीएच.डी. झाली म्हणजे झालं असं धरून आम्ही वाड्यावर पेढे वाटले. मग कळलं की रांग तिथून सुरू होते. पोस्टडॉक, ती पीएच.डी.नंतरची कराराची नोकरी, म्हणजे दोन वर्षांचं कूळ: जमीन दुसऱ्याची, नांगर तुझा, पीक निघायच्या आत दुसरं शेत शोधायचं. कसेल त्याची जमीन हा कायदा तुमच्या विद्यापीठांना लागू झालेला दिसत नाही. लेख पाठवायचा, दोघा परीक्षकांनी बरं म्हणायचं, तिसऱ्याने चार पानं भरून खोड काढायची, त्यात वर्ष जायचं, आणि मुलाखतीला गेल्यावर विचारायचं, गेल्या वर्षी लेख का नाही? इकडच्या ज्या मुलाखतीला तू मार्चमध्ये हॅम्बुर्गहून स्वतःच्या पैशाने आलीस, त्यांनी अजून नाही म्हणायचीही तसदी घेतलेली नाही. त्यावर मी बोलत नाही, तोंड खराब होईल.

धीर धर म्हणून तुला लोक वॉकरचा दाखला देत असतील. तूच सांगितलेला: गणिती माणूस, १९०४ साली हिंदुस्थानच्या वेधशाळांचा प्रमुख होऊन आला, दुष्काळ आधी कसा ओळखायचा म्हणून जगभरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहत बसला. पॅसिफिकवर एका बाजूला हवेचा दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, हा झोका त्याला सापडला. त्याचा एल निन्योशी, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापण्याशी, सांधा जुळवला तो बियर्कनेस या हवामानशास्त्रज्ञाने, १९६९ मध्ये. तोवर वॉकरला जाऊन अकरा वर्षं झाली होती. गोष्ट चांगली आहे. पण मी ती तुला ऐकवणार नाही. वॉकरकडे वीस वर्षं पक्की सरकारी नोकरी होती, नावाआधी सर लागलं होतं. थांबणं त्याला परवडलं. तुझा करार मार्चमध्ये संपतो.

म्हणून एवढंच सांगतो, जे फक्त मलाच सांगता येईल. कुंपणाच्या कर्जाचे हप्ते तू भरत होतीस. गव्यांनी केळी झोपवली त्या वर्षी घेतलेलं ते. ते फिटलं. मिरी यंदा बरी झाली, उरलेली सुपारी बागायतदार सोसायटीत घातली आणि जूनमध्येच बँकेतून कागद आणला. तुला सांगितलं नाही, कारण चवथीला दाखवायचा होता. आता आत्ताच सांगतो, कारण तुझ्या हिशेबात आम्ही धरलेलो असणार, आणि तो रकाना आता शून्य कर. कुळागर आमच्यामागे कोण बघेल, हेही धरू नकोस. ते आम्ही दोघं बघून घेऊ.

विम्याच्या कंपनीत गेलीस तर मला कमीपणा वाटणार नाही. पूर किती वर्षांनी येतो हे त्यांनाही हवंय, तेही पाऊसच मोजणार. पगार तिप्पट आहे म्हणालीस, तो काही वाईट शब्द नाही. पण तिथे जाऊन एक नीट विचारून घे: जिथे कळत नाही तिथे "ठरवता येत नाही" असं लिहू देतात का, की रकाना भरावाच लागतो? रकाना भरणाऱ्याची काय अवस्था होते ते मला माहीत आहे. चौदा वर्षं झाली.

आणि तो शब्द. परवा देवळात परत एकाने विचारलं, मुलगी काय करते? मी म्हणालो, "पाऊस थांबतो कधी आणि का, ते शोधते." त्याने विचारलं, "मग सापडलं?" म्हटलं, "अर्धं." बरोबर सांगितलं ना? कमीजास्त असेल तर कळव, पुढच्या वेळी सुधारतो.

पाडेली शनिवार-रविवार येतो म्हणालाय. हल्ली तो एकटाच उरलाय वर चढणारा, एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी धरणारा, तेव्हा तारीख चुकवून चालत नाही. औषध मारल्यावर निदान एक दिवस सुकायला हवा. तुझे ते नकाशे बघून सांग, उघडीप मिळेल का. चुकलीस तरी फवारणी करूच, फक्त वहीत तुझ्या नावावर लिहीन.

आई विचारते, तिकडे पोहे मिळतात का.

तुझा
बाबा

ता. क. जुलै २०११ चं पान मी फाडलेलं नाही. त्या अकरा आकड्यांवर लाल पेनने रेघ ओढून बाजूला आजची तारीख घातली आणि सही केली. त्याचाही फोटो पाठवतोय.