आण्णा, टोळी तुमच्याच अंगणात का यायची

वाळूज

तीर्थरूप आई व आण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडं खुशाल आहे. कंपनीत शिफ्ट इन्चार्ज झाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा आण्णा, तुम्ही एवढंच विचारलंत, "माणसं ऐकतात का?" तेव्हा गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

ऐकतात, आणि ते मी तुमच्याकडूनच शिकलोय. बीड जिल्ह्यात ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना काय तोटा? हंगामाआधी तुमच्यापेक्षा जास्त उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देणारेही होते. तरी दसरा जवळ आला की तीच जोडपी आपल्या अंगणात येऊन बसायची. रात्री कोपीपुढं बॅटरीच्या उजेडात तुम्ही एकेका कोयत्याचा, म्हणजे जोडप्याचा, हिशोब मोठ्यानं वाचून दाखवायचात: किती टन तुटला, उचलीतले किती फिटले, बाकी किती. अक्षरओळख नसलेला माणूसही समाधानानं उठायचा. खाडा झाला की दंड कापायची रीत सगळीकडं, त्या धाकानं बायका दुखणं अंगावर काढतात. आपल्याकडं आई मोळी बांधता बांधता कुणाचा चेहरा उतरलाय ते हेरायची आणि तुम्हाला येऊन सांगायची, "तिला आज बसू द्या." तुम्ही बसू द्यायचात, दंडही लावायचा नाहीत. आई, निम्मी टोळी तुझ्यामुळं टिकली. हे तुला कुणी म्हटलं नसेल, मी म्हणतो.

मी इथं तेच करतो. ओव्हरटाइम कुणाला, याचा तक्ता भिंतीवर लावतो. पोरं बहुतेक जालना, परभणी, हिंगोलीकडची, घरी थोडीफार कोरडवाहू जमीन. पेरणीला कुणाला जायचंय ते मृगाच्या आधीच विचारून ठेवतो. मग पाऊस पडला म्हणून लाइन ओस पडत नाही.

मागं एक ट्रेनी घाबरत घाबरत आला. "साहेब, ब्रॅकेट उलटं बसलंय. असे किती गेले, माहीत नाही." लाइन थांबवली, त्याच्याजवळ उभा राहिलो आणि म्हटलं, "कसं बसवतोस ते दाखव." पार्ट धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरची पिन झिजली होती, पार्ट उलटाही बसत होता. पिन बदलली. मागचा माल सगळ्यांनी मिळून तपासला. वरून विचारणा झाली, "कुणी केलं?" मी सांगितलं, "लाइन माझी आहे, काय ते मला विचारा." उसाचा बुडखा उंच राहिला म्हणून कारखान्याचा चिटबॉय आवाज चढवायचा, तेव्हा तुम्ही असेच पुढं व्हायचात. त्या दिवसापासून लोक बारीकसारीक गोष्टही आपणहून सांगायला येतात.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला एमी एडमंडसन या अमेरिकन प्राध्यापक बाईंचा अभ्यास सांगितला. १९९० च्या दशकात त्यांनी दवाखान्यांतल्या टीम पाहिल्या, तर चांगल्या टीममध्येच औषधांच्या चुकांची नोंद जास्त निघाली. त्या माणसांना बोलायची भीती नव्हती, म्हणून चुका लपत नव्हत्या. दवाखान्यात याला केवढा अर्थ आहे, आई, तू दवाखाने पाहिलेत, तुला कळेल.

पण मी सगळ्यांना गोडच बोलतो असं समजू नका. एक जुना ऑपरेटर, हात अगदी सफाईदार, पण नव्या पोरांना आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. त्याला बाजूला नेऊन स्पष्ट सांगितलं, हे चालणार नाही. दारू पिऊन भांडणाऱ्याला तुम्हीही चारचौघांत कधी बोलला नाहीत, टायरगाडीमागं नेऊन बोलायचात. तो अजून फुगलेला आहे. शिव्या मात्र थांबल्या.

आता आणखी एक लाइन माझ्याकडं येतेय. एकट्याला दोन्हीकडं लक्ष पुरणार नाही, म्हणून दोन पोरांना लीडर म्हणून तयार करतोय. पोळ्याला त्यांना घेऊन गावाकडं येतो. आण्णा, टोळी कशी बांधली, कशी सांभाळली, ते त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. आणि आई, तूही बोल. मधेच उठून चुलीकडं जाऊ नकोस, भाकरी आम्ही थापू.

तुमचा लेक