ही माझी माणसं

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "तुझी ती फोनमधली माणसं, नात्याची ना गोत्याची, त्यांचं एवढं काय?" तेवढ्यात रेंज गेली आणि उत्तर राहिलं. दोन वाक्यांत सांगून संपणारं ते नव्हतंच, म्हणून सविस्तर लिहिते. बाबांनाही फोनपेक्षा कागद बरा वाटतो.

आमच्या ग्रुपवर साठ-सत्तर जणं आहेत. सगळी मराठी बोलणारी, पण राहायला चहूकडे. कुणी धुळ्याला, कुणी नागपूरला, कुणी मस्कतला. एकत्र आली ती पक्ष्यांमुळे. मी इथे बंगळुरूला नवी असताना खिडकीबाहेरच्या झाडावर दिवसभर कुटुर-कुटुर चालायचं. तो आवाज रेकॉर्ड करून मी ग्रुपवर टाकला आणि हा कोण म्हणून विचारलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, कुटुरगा. पाठोपाठ प्रश्न आला, तुम्ही मूळच्या कुठल्या? संगमेश्वरकडची म्हटल्यावर एक काका म्हणाले, "मग तुमच्या परसात लहानपणापासून हाच तर ओरडतोय!" खरंच की. जांभळीवर बसून दुपारभर ओरडणारा तो हाच. त्या दिवसापासून हे शहर मला जरा कमी परकं वाटायला लागलं.

सुरुवात पक्ष्यांनी झाली, तरी आता बोलणं सगळ्याचंच होतं. सकाळी कोणी चहाबरोबर गॅलरीतून दिसलेला दयाळ सांगतं, त्याच्याखाली कोणाच्या मुलीचा दहावीचा निकाल येतो, मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग यंदा फणस किती धरलेत. आई, तुला सांगते, माणूस जवळचं होतं ते अशा बारीकसारीक बातम्यांनीच. लग्न-बारशाला शेकडो माणसं येतात, पण आज भाजी काय केली हे विचारणारी किती असतात?

त्यातली काही माणसं तुम्हाला माहीत व्हायला हवीत.

धुळ्याच्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. उन्हाळा लागला की शाळेच्या गच्चीवर मातीची पसरट भांडी ठेवून मुलांकडून रोज पाणी बदलून घेतात, आणि कोण कोण प्यायला आलं ते मुलं वहीत लिहितात. पाच ते बारा नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. पाच तारखेला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि बाराला पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. त्या आठवड्यात बाईंच्या वर्गातली पोरं स्वतः काढलेली चित्रं घेऊन गावातून फेरी काढतात. त्यातलं एक चित्र माझ्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. वेडा राघू आहे, चोच जरा जास्तच लांब झालीय, पण डोळ्यावरचा काळा पट्टा अगदी बरोबर. वांग्याच्या भरताची कृती मी तुला पाठवली होती ना, ती याच बाईंची.

सोलापूरकडचे एक दादा एसटीवर ड्रायव्हर आहेत. गाडी चालवताना ते फोनला हात लावत नाहीत. डेपोत पोचले की आवाजी निरोप पाठवतात, मागे फलाटावरची घोषणा चाललेली असते. थंडीत त्यांच्या रस्त्यालगतच्या माळांवर भोवत्ये येतात. मध्य आशियाकडून आलेले हे शिकारी पक्षी दिवसभर गवतावरून खाली-खाली तरंगत फिरतात आणि रात्री झाडावर न जाता गवतातच, जमिनीवर, घोळक्याने झोपतात. हे मला त्या दादांनी शिकवलं. माळ पडीक म्हणून नांगरला किंवा त्यावर प्लॉट पाडले तर ते झोपणार कुठे, असं ते परवा म्हणाले. त्यांचा आवाज कातर झाला होता.

मस्कतचा दादा तेलकंपनीत आहे. बाबा, दसऱ्याला चास दिसणं शुभ म्हणून तुम्ही आम्हाला कातळाच्या सड्यावर घेऊन जायचात. आता कितीदा दिसतो तुम्हाला? तिकडे मस्कतला मात्र तो बागेत, विजेच्या तारेवर सर्रास बसलेला असतो. म्हणून दर दसऱ्याला हा दादा सकाळी उठून चासाचा फोटो काढतो आणि सगळ्यांना पाठवतो, "घ्या, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." निळे पंख उघडून उडालेला चास! यंदाचा फोटो मी तुम्हाला छापून पाठवतेय, याच पाकिटात आहे.

आणि गेल्या पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा मुगाची खिचडी आणि मेतकूट घेऊन आलेल्या काकू कोण, असं तू विचारलं होतंस. त्या मूळच्या सांगलीच्या, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्याही याच ग्रुपवरच्या. रविवारी सकाळी आम्ही दोघी लालबागेत नाहीतर हेब्बाळच्या तळ्यावर जातो. त्यांचा मुलगा परदेशात असतो. मी त्यांच्याकडे गेले की त्या मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

भांडणंही होतात, ती सांगायलाच हवीत. थंडीत वटवटे येतात. हिरवट, एवढेएवढेसे, पानाआड सतत हलणारे. फोटोत सगळे सारखेच. एकदा एका कॉलेजच्या प्राध्यापकांचा आणि सतरा वर्षांच्या एका पोराचा त्यावरून दोन दिवस वाद चालला. पोराने शेवटी आवाज रेकॉर्ड करून आणला, कारण हे पक्षी दिसण्यापेक्षा ओरडण्यावरून नक्की ओळखता येतात. सरांनी तो ऐकला आणि सगळ्यांसमोर लिहिलं, "तुझं बरोबर. आज मी शिकलो." मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

काही नियम आहेत आणि ते सगळे कडक पाळतात. कुठून-कुठून आलेले निरोप पुढे ढकलायचे नाहीत. राजकारण नाही. आणि घरटं सापडलं तर जागा सांगायची नाही, जवळून फोटो काढायचे नाहीत. माणसं गोळा झाली की पक्षीण अंडी सोडून जाते, आणि आपल्या मागोमाग कावळ्यालाही पत्ता लागतो. कोणी नवीन माणूस उत्साहाने असा फोटो टाकतं, तेव्हा धुळ्याच्या बाई त्याला वेगळा फोन करून समजावतात. चारचौघांत बोल लावत नाहीत.

बाबा, तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे, या सगळ्याचा उपयोग काय? उपयोग आहे. आम्ही जे पाहतो ते ईबर्ड नावाच्या, पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवतो, म्हणजे तारीख, वेळ, जागा, कोणता पक्षी, किती. देशभरातल्या ३० हजारांहून जास्त लोकांच्या अशा सुमारे ३ कोटी नोंदी एकत्र करून २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल कळू शकला, त्यातल्या ६० टक्के कमी होत चालल्यात. मोर आणि कोकिळा वाढलेत. तुमचा चास घटलाय. सड्यावर तो दिसेनासा झाला असं तुम्ही म्हणायचात, तेच तिथे आकड्यांत लिहिलेलं पाहून मला गलबलून आलं. एसटीच्या दादांच्या नोंदीही त्यात आहेत, शाळेच्या गच्चीवरच्याही.

आता तुमच्याबद्दल. ही माणसं तुम्हाला ओळखतात बरं का. ओसरीत कपडे वाळत घालायच्या तारेला शिंजिराने घरटं टांगलं आणि आईने महिनाभर तिथे कपडे वाळत घातले नाहीत, हे मी ग्रुपवर सांगितलं होतं. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली ती लोंबती पिशवी, बाहेरून सालपटं आणि कचरा चिकटवलेला, वर दाराला छोटीशी पडवी. मादी एकटीने बांधते आणि एकटीच अंडी उबवते, नर पिल्लांना भरवायला तेवढा येतो, हेही आईनेच न्याहाळून मला सांगितलं. नंतर किती दिवस रोज कोणी ना कोणी विचारायचं, "रत्नागिरीच्या काकूंची पिल्लं उडाली का?" ज्या दिवशी उडाली त्या दिवशी नागपूरच्या काकांनी पेढ्यांचा फोटो टाकला. गावाचं नाव मी कुठे लिहिलेलं नाही, काळजी करू नका. पण आई, तुझी पारख तिथल्या भल्याभल्यांना आवडली आहे.

या नागपूरच्या काकांचं सांगायचं राहिलं. पोस्टातून निवृत्त झाले, काकू गेल्यापासून एकटेच असतात. रोज सकाळी साडेसहाच्या आत त्यांची यादी येते. अंगणात काय दिसलं, हवा कशी, पोहे केले की उपमा. एक दिवस यादी आली नाही. नऊ वाजले तरी नाही, फोनही उचलेनात. नागपुरातलीच दोघं त्यांच्या घरी गेली. काका तापाने फणफणून निपचित पडले होते. त्यांनी डॉक्टरकडे नेलं, मुलाला पुण्याला कळवलं, तो येईपर्यंत आळीपाळीने थांबले. आता काका ठणठणीत आहेत. यादी पुन्हा साडेसहाच्या आत येते.

हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही दोघं आलात. वाडीतली निम्मी घरं बंद, शेजारी मुंबईला, आणि मी इतक्या लांब. मी रोज फोन करते, करत राहीन. पण एका लेकीच्या फोनवर दिवस निघावा असं मला वाटत नाही. तुमच्याशी बोलायला, तुम्हाला विचारायला, तुमच्याकडून शिकायला आणखी माणसं हवीत. तुम्ही यावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते माझी काळजी कमी व्हावी एवढ्यासाठीच नाही. तुमच्याकडे द्यायला जे आहे ते आमच्यापैकी कोणाकडेच नाही.

बाबा, तुमची कालनिर्णयं. दरवर्षी त्या चौकोनात बारीक अक्षरात तुम्ही लिहिता, "पावशा ओरडला", "नवरंग आला", "पहिली सर, संध्याकाळी". जुनी सगळी माळ्यावर बांधून ठेवलेली आहेत. नवरंग पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो, पण एकाच गावात, एकाच माणसाने, वर्षानुवर्षं लिहिलेल्या त्याच्या तारखा सहजी मिळत नाहीत. अशा जुन्या नोंदीही तारखेनिशी ईबर्डवर भरता येतात. प्राध्यापकांना मी हे सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "तुमचे वडील बोलतील का माझ्याशी?" बोलाल ना?

फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेला हा उपक्रम २०१३ पासून सगळ्या जगाला खुला झाला. एका जागी निदान पंधरा मिनिटं बसायचं आणि दिसेल-ऐकू येईल ते लिहायचं, बस. तुमच्या पडवीतून काय कमी दिसतं? तांबट, हळद्या, सुभग, टकाचोर, भारद्वाज, नाचण. आणि उंबर पिकला असेल तर ककणेर, म्हणजे धनेश. त्याच सुमाराला त्यांची विणही सुरू होते. देवराईतल्या बेहड्याच्या ढोलीत मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो, हे बाबांनी मला खांद्यावर बसवून दाखवलं होतं. ग्रुपवरच्या कितीतरी जणांनी ते अजून पाहिलेलं नाही. जागा सांगायची नाही, पण बाबांच्या तोंडून ऐकायला सगळे आतुर आहेत.

मी महिनाअखेरीस चार दिवस येतेय, तेव्हा फोनवर सगळं नीट लावून देते. टाइप करायची गरज नाही. माइकचं चिन्ह दाबून ठेवायचं, बोलायचं, सोडायचं. रेंज विहिरीजवळ चांगली येते, तिथेच बाक हलवू. पहिले काही दिवस नुसतं ऐकलंत तरी चालेल. नाही रुचलं तर राहू द्या, माझा आग्रह नाही. पण आईने शिंजिराचं एकदा तरी स्वतः सांगावं, एवढा मात्र आहे.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील तर तालुक्याला जाणाऱ्या कोणाकडून मागवून घ्या, माझी वाट पाहू नका. कोकमं पाठवू नका, मी आले की घेऊन जाईन; सांगलीच्या काकूंनाही द्यायची आहेत. आणि कालनिर्णयं काढायला बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. शिडी कुजलीय. वाडीतल्या एखाद्या मुलाला सांगा, तो काढून देईल.

तुमची,
लेक