सूचना : हवेचे प्रदूषण मोजण्याच्या यंत्राच्या खरेदीबाबत

सर्व सभासदांस,

यंत्र कोणते घ्यायचे, हे येत्या रविवारी सकाळी १० वाजता गच्चीवरच्या बैठकीत ठरेल. तोवर कुणीही परस्पर ऑनलाइन मागवू नये.

सरकारी हवामापन केंद्रांची उपकरणे फार महाग असतात. आपल्या आवाक्यातली यंत्रे लेझरच्या प्रकाशात हवेतले धूलिकण मोजून वजनाचा अंदाज बांधतात, त्यामुळे दमट हवेत आकडा फुगतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे होणारच. म्हणून विक्रेत्याला आधी विचारा : यंत्र सरकारी केंद्राशेजारी ठेवून पडताळले आहे का? मूळ नोंदी आपल्याला उतरवून घेता येतील का? काही विक्रेते त्यासाठी वर्गणी लावतात. म्हणजे हवा आपली, आकडाही आपला, आणि बघायचे पैसे मात्र दरवर्षी.

यंत्राचे ॲप हवेच्या गुणवत्तेचा कोणता निर्देशांक (एक्यूआय) दाखवते, भारतीय की अमेरिकी, तेही पाहा. पीएम २.५ साठी (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी) २४ तासांच्या सरासरीची भारतीय मर्यादा दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे. तेवढ्याला आपला निर्देशांक १०० येतो, अमेरिकी मोजणीत तो १५० च्या वर जातो. ग्रुपवरचे निम्मे वाद यातूनच होतात.

शेजारच्या बांधकामाबद्दल : महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बांधकामस्थळी प्रदूषणमापक असायला हवा. तो आहे का, हे समिती लेखी विचारणार आहे.

यंत्राची साफसफाई आणि आठवड्याच्या नोंदींसाठी प्रत्येक विंगमधून एक जण हवा. नावे शुक्रवारपर्यंत कार्यालयात द्यावीत.

– सचिव