विषयनिवड एसटीच्या वेळेवर ठरू नये

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पदवीसाठी मुख्य व दुय्यम विषयांची निवड आणि कार्यानुभवाची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याची, सोय दिली. परंतु विदर्भातील आर्वी, दर्यापूर किंवा सिरोंचा भागातील विद्यार्थी बहुधा ज्या विषयाला शिक्षक आहे आणि ज्याचे तास एसटीच्या वेळेत बसतात, तोच घेतो. वनस्पतिशास्त्र बियाणे परीक्षणात, वाणिज्य जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या हिशेबात, भूगोल उपग्रह-नकाशांच्या कामात उपयोगी पडतो, हे त्याला तिसऱ्या वर्षापर्यंत कोणी सांगत नाही. स्पर्धा परीक्षा शिकवणीचे फलक मात्र बसस्थानकासमोरच असतात. महाविद्यालयांनी प्रवेशापूर्वीच माजी विद्यार्थ्यांशी भेट घडवावी आणि कार्यानुभवाचे तास बाजार समिती, जिनिंग अशा ठिकाणी खरोखर भरवावेत, ही विनंती.

– एक पालक, जि. अमरावती