संकेत आधी रुजवावा लागतो

महोदय,

दारामागे उभे राहून कोणीतरी नेमके तेवढेच वाक्य ऐकते, या मालिकांतील नेहमीच्या प्रसंगावर प्रेक्षक वैतागतात, तेव्हा दोष ‘अतार्किकते’ला दिला जातो. मला हे निदान अपुरे वाटते. तमाशातील गवळणीत, म्हणजे कृष्ण आणि गौळणींच्या प्रवेशात, गौळणींसोबतची मावशी उघडउघड पुरुष नट असते, रिकाम्या मंचावर एक फेरी मारली की मथुरेची वाट सुरू होते, आणि तरीही कोणी हरकत घेत नाही. कारण गणापासूनच, म्हणजे आरंभीच्या गणेशवंदनेपासूनच, हे जग कोणत्या नियमांनी चालते ते प्रेक्षकाला दाखवलेले असते आणि पुढे तो नियम सोयीप्रमाणे मोडला जात नाही.

१९७२ साली रंगभूमीवर आलेले विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक याच्याही पुढे जाते. त्यात ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण हाच पडदा असतो. ते पाठ फिरवतात तेव्हा मागचे कृत्य झाकले जाते, बाजूला होतात तेव्हा उघडे पडते. निव्वळ नेपथ्याची सोय म्हणूनही ही युक्ती खपली असती. पण पेशवाईतल्या ज्या पुण्याची ही गोष्ट आहे, तेथील प्रतिष्ठितांचा धंदाच झाकपाक करण्याचा असल्यामुळे ती भिंत त्या जगातूनच उगवल्यासारखी वाटते.

मालिकांतील दाराला असे कोणतेच कारण नसते. त्या एवढ्या मोठ्या वाड्यात गुपिते दिवाणखान्यातच का बोलली जातात, हे लेखकांनी एकदा तरी ठरवावे.

आपला विश्वासू,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली